बॉस्नियाची शिरगणती आणि युरोपचा दरवाजा

१९९१ च्या फेब्रुवारीत आमच्या घरी शिरगणतीचे गुरुजी आले होते. मी तेव्हा पाचवीत होतो. गुरुजी आमच्याच गावच्या शाळेतले, अब्बांना ‘भाई’ म्हणायचे. ओट्यावर बसून त्यांनी चहा घेतला आणि मांडीवर फॉर्म ठेवून लिहायला सुरुवात केली. नाव, वय, शिक्षण झालं. मातृभाषेच्या रकान्याशी आल्यावर त्यांनी विचारलंही नाही, ‘उर्दू’ लिहू लागले. अब्बा म्हणाले, “गुरुजी, आत्ता आपण ज्या भाषेत बोलतोय ती लिहा की.” गुरुजी हसले. “अहो भाई, मुसलमानांची उर्दूच लिहितात.” शेवटी त्यांनी काय लिहिलं ते आम्हाला कधीच दिसलं नाही.

त्या दिवशीची दुसरी गोष्टही माझ्या लक्षात आहे. चाचा कुवेतला नोकरीला होते. ऑगस्ट १९९० मध्ये इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि चाचा एका बॅगेनिशी गावी परतले. गुरुजींनी त्यांचंही नाव घेतलं, कारण ते इथं होते. शेजारच्या घराचे कर्ते मात्र सौदीत होते. त्यांच्या पैशांवर त्या घराचा स्लॅब पडला होता, पण गुरुजींच्या फॉर्मात त्यांना जागा नव्हती. कोण कुठला, हे माणूस ठरवत नाही, फॉर्म ठरवतो, एवढं पाचवीतल्या मुलालाही त्या दिवशी कळलं.

हे सगळं आज आठवायचं कारण बॉस्निया-हर्जेगोविना. आमच्या ओट्यावर गुरुजी बसले होते, त्यानंतर महिन्या-दीड महिन्यात, ३१ मार्च १९९१ हा दिवस धरून, युगोस्लाव्हियाची शेवटची जनगणना झाली. त्यानंतर वर्षभरात तो देश फुटला आणि बॉस्नियात युद्ध पेटलं. पुढची मोजणी व्हायला २२ वर्षं लागली. ती झाली तीही युरोपीय संघाच्या दारात उभं राहण्यासाठी, युरोपने घालून दिलेल्या मापाने. त्या मापावरून जे भांडण झालं, ते आपल्याकडच्या वाचकांना फारसं माहीत नाही. बॉस्निया म्हटलं की आपल्याला सारायेवोचा वेढा आठवतो, श्रेब्रेनित्सा आठवतं. आकड्यांचं युद्ध कुणाला आठवत नाही.

नाव कोणतं लिहायचं

बॉस्नियातल्या मुसलमानांना मोजण्याचा इतिहास म्हणजे त्यांना कोणत्या रकान्यात टाकायचं याचा इतिहास. १८७८ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीने हा प्रांत उस्मानी सत्तेकडून ताब्यात घेतला आणि पुढच्याच वर्षी लोकसंख्या मोजली. ११ लाख ५८ हजार माणसं भरली. त्यात ४ लाख ४८ हजारांच्या वर मुसलमान होते. व्हिएन्नाच्या अंमलदारांनी लोकांना धर्माने मोजलं. ऑर्थोडॉक्स, मुसलमान, कॅथलिक, यहुदी. १९१० च्या मोजणीपर्यंत हाच क्रम राहिला. तोवर अनेक मुस्लिम कुटुंबं तुर्कस्तानच्या वाटेला लागली होती आणि मुसलमानांचा वाटा जवळपास ३९ टक्क्यांवरून ३२ टक्क्यांवर आला होता. हा आकडा मला तरी कुठल्याही बखरीपेक्षा जास्त बोलका वाटतो.

मग आलं कम्युनिस्ट युगोस्लाव्हिया. त्या राजवटीला धर्म मोजण्यापेक्षा राष्ट्रीयत्व मोजण्यात रस होता. सर्ब कोण, क्रोएट कोण ते ठरलेलं होतं. पण बॉस्नियाचा मुसलमान त्यांचीच भाषा बोलतो, मग तो कोण? १९४८ च्या मोजणीत त्याला तीन पर्याय दिले गेले: ‘सर्ब मुसलमान’, ‘क्रोएट मुसलमान’ किंवा ‘अनिश्चित मुसलमान’. बहुसंख्यांनी तिसरा रकाना निवडला. आम्ही अनिश्चित राहू, पण तुमच्यातले होणार नाही, असं लोकांनी शांतपणे सांगून टाकलं. १९५३ मध्ये तर मुसलमान हा शब्दच फॉर्मातून गेला आणि ही माणसं ‘अनिश्चित युगोस्लाव्ह’ झाली. १९६१ मध्ये तो वांशिक अर्थाने परतला. १९६८ मध्ये बॉस्नियाच्या कम्युनिस्ट पक्षाने त्यांना स्वतंत्र राष्ट्रसमूह मानलं आणि १९७१ ला पहिल्यांदा ‘राष्ट्रीयत्वाच्या अर्थाने मुसलमान’ असा रकाना छापला गेला. लिपीतली गंमत बघा. त्यांच्या भाषेत मोठ्या एमने सुरू होणारा मुसलमान म्हणजे राष्ट्र, लहान एमने सुरू होणारा म्हणजे धर्म. एखादा कम्युनिस्ट पक्षाचा नास्तिक सभासदही मोठ्या एमचा मुसलमान असू शकत होता.

१९९१ च्या मोजणीत बॉस्नियाची लोकसंख्या ४३ लाख ७७ हजार ०३३ भरली. मुसलमान ४३.४७ टक्के, सर्ब ३१.२१, क्रोएट १७.३८. आणि साडेपाच टक्के लोकांनी स्वतःला नुसतंच ‘युगोस्लाव्ह’ लिहवून घेतलं होतं. मिश्र विवाहांची घरं, शहरी माणसं, जुन्या देशावर जीव असलेले लोक. पुढच्या मोजणीपर्यंत त्यांचा देशच उरला नाही. सप्टेंबर १९९३ मध्ये, सारायेवो वेढ्यात असताना, तिथल्या मुस्लिम पुढाऱ्यांच्या आणि विचारवंतांच्या परिषदेने आपल्या समाजासाठी ‘बॉस्नियाक’ हे नाव स्वीकारलं.

फॉर्म साक्षीला उभे राहतात

युद्धात काय झालं ते इथं पुन्हा सांगत नाही. जुलै १९९५ मध्ये श्रेब्रेनित्सात आठ हजारांहून अधिक बॉस्नियाक पुरुष आणि मुलगे मारले गेले. मारणाऱ्यांनी मृतदेह पुरले, मग यंत्रं लावून उकरले आणि दुसरीकडे नेऊन पुरले, पुरावा राहू नये म्हणून. आणि मग म्हणू लागले की एवढी माणसं तिथं नव्हतीच. काही तर जिवंत आहेत, परदेशात पळालीत.

इथं १९९१ ची जनगणना कामाला आली. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणासाठी नॉर्वेच्या सांख्यिकी कार्यालयातले लोकसंख्याशास्त्रज्ञ हेल्गे ब्रुनबोर्ग यांनी एक काम हाती घेतलं. बेपत्ता माणसांच्या याद्यांतलं एकेक नाव १९९१ च्या जनगणनेतल्या नोंदीशी ताडून पाहायचं. हा माणूस खरंच होता का, कुठे राहत होता, केव्हा जन्मला? मग युद्धानंतरच्या मतदार याद्या घ्यायच्या आणि हाच माणूस कुठे मतदार म्हणून जिवंत दिसतो का ते बघायचं. तसे जिवंत सापडले ते अगदी मोजके. जनरल रादिस्लाव क्रस्तिच यांच्या खटल्यात श्रेब्रेनित्साच्या किमान ७,४७५ बेपत्ता माणसांचा आकडा न्यायालयासमोर ठेवला गेला. श्रेब्रेनित्सात जनसंहार झाला हा निष्कर्ष अपिलातही टिकला. त्यापुढे डीएनए तपासणीने हाडं ओळखली गेली. पण हाडांना नाव लावायला आधी नावांची यादी लागते, आणि तिचा पाया कुण्या प्रगणकाने घरोघर हिंडून भरलेल्या फॉर्मांत होता. १९९१ मध्ये ज्यांनी दार उघडून उत्तरं दिली, ते आपली शेवटची साक्ष देत होते.

याचीच एक अवघड बाजू आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. युद्धात दोन लाख माणसं मेली असं वर्षानुवर्षं सांगितलं जात होतं. बॉस्नियाक नेते सांगत, जगभरची वर्तमानपत्रं छापत, आपल्याकडच्या उर्दू-मराठी लेखांतही तोच आकडा यायचा. सारायेवोच्या मिर्साद तोकाचा यांनी नावागणिक मोजायचं ठरवलं. २००७ मध्ये त्यांच्या केंद्राने ९७,२०७ नावं समोर ठेवली. सर्वाधिक टीका त्यांच्यावर झाली ती बॉस्नियाकांमधूनच. आपला जखमेचा आकडा निम्मा केला, असा आरोप. पण त्याच यादीने दाखवलं की मारल्या गेलेल्या नागरिकांत ८० टक्क्यांहून अधिक बॉस्नियाक होते. दोन लाख हा आकडा कुणीही फेटाळू शकत होता. नाव, गाव, तारीख असलेली यादी फेटाळता येत नाही. कौमच्या नावाने फुगवलेले आकडे वापरणाऱ्या आपल्याकडच्या वक्त्यांना मी हे उदाहरण अनेकदा सांगितलंय. त्यांना आवडत नाही.

दरवाजावरचं माप

डिसेंबर १९९५ मध्ये पॅरिसला डेटन करारावर सह्या झाल्या. देश एक राहिला, पण त्याचे दोन भाग झाले. एक बॉस्नियाक-क्रोएट फेडरेशन, दुसरा सर्बबहुल रिपब्लिका सर्पस्का. करारातल्या सातव्या परिशिष्टाने निर्वासितांना आपल्या घरी परतण्याचा हक्क दिला. फेडरेशनच्या संविधानात २००२ मध्ये अशी दुरुस्ती झाली की सरकारी संस्थांत प्रत्येक समाजाला मिळणारा वाटा १९९१ च्या जनगणनेनुसार असेल, आणि निर्वासितांची वापसी पूर्ण होईपर्यंत तसाच राहील. हेतू सरळ होता. बंदुकीने बदललेली लोकसंख्या कायदेशीर ठरू नये. पण याचा अर्थ असाही झाला की देश कागदावर १९९१ मध्येच थांबला. नवी मोजणी करायची म्हणजे वांशिक शुद्धीकरणाचा निकाल सरकारी शिक्क्याने छापायचा. कुणालाही घाई नव्हती.

घाई युरोपला होती. युरोपीय संघात यायचं तर ३५ प्रकरणांची परीक्षा द्यावी लागते. त्यातलं अठरावं प्रकरण सांख्यिकीचं. शेती, न्याय, मासेमारी अशा प्रकरणांच्या गर्दीत ते बिनमहत्त्वाचं वाटतं. पण संघाचा सगळा संसार आकड्यांवर चालतो. एखाद्या देशाने वर्गणी किती द्यायची ते त्याच्या राष्ट्रीय उत्पन्नावर ठरतं. मागास भागांना निधी किती ते दरडोई उत्पन्न सरासरीच्या ७५ टक्क्यांखाली आहे का, यावरून ठरतं. मंत्रिपरिषदेत ठराव पास व्हायला त्या बाजूच्या देशांत संघाची ६५ टक्के लोकसंख्या असावी लागते. म्हणजे माणसं मोजण्यात लबाडी केली तर पैसा आणि मतं दोन्ही चोरता येतात. म्हणून लक्झेंबर्गमधलं युरोस्टॅट हे कार्यालय सगळ्यांना एकच माप लावतं. २००५ मध्ये त्यांनी सांख्यिकीची एक आचारसंहिता केली. तिचं पहिलं कलम आहे स्वातंत्र्य: आकडे काढणाऱ्याच्या हाताला सरकारने धक्का द्यायचा नाही.

आत असलेले देश तरी हे पाळतात का, हा प्रश्न रास्त आहे. ग्रीसने २००९ ची तूट सुरुवातीला चार टक्क्यांच्या आत दाखवली होती, ती अखेरीस १५.४ टक्के निघाली. खरा आकडा मांडणारे तिथले सांख्यिकी प्रमुख आंद्रेआस जिओर्जिऊ यांच्यावरच खटले भरले गेले. तूट ज्यांनी लपवली त्यांच्या वाट्याला इतकं आलं नाही. युरोप बाहेरच्यांना जे शिकवतो ते त्याला स्वतःच्या घरात सहज जमतं असं समजायचं कारण नाही.

बॉस्नियात तर एक नाही, तीन सांख्यिकी कार्यालयं. सारायेवोत देशाची एजन्सी आणि फेडरेशनची संस्था, बान्या लुकात रिपब्लिका सर्पस्काची संस्था. २००४ च्या कायद्याने देशाच्या एजन्सीला वरचं स्थान दिलं, पण घरोघर जाणारी माणसं आणि कागद खालच्या दोन संस्थांच्या हाती. युरोपीय संघाला बोलायला एक तोंड हवं होतं, इथं तीन होती. जनगणनेचा कायदा संसदेत वर्षानुवर्षं अडला आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये एकदाचा पास झाला.

आता यातली खरी गंमत. जनगणनेबद्दलचा युरोपीय संघाचा नियम २००८ चा, क्रमांक ७६३. त्यात वय, शिक्षण, रोजगार, घर, नळ, संडास सगळं आहे. वंश, धर्म आणि मातृभाषा नाही. युरोपला सदस्यत्वासाठी हे तीन प्रश्न नकोच होते. ते बॉस्नियाच्या पुढाऱ्यांना हवे होते. मग ते फॉर्मात आले, उत्तर देणं ऐच्छिक ठेवून. आणि सगळा देश जणू तेवढ्याच तीन प्रश्नांसाठी मोजला जाणार होता असा प्रचार झाला. ‘बॉस्नियाक असणं महत्त्वाचं आहे’ अशी मोहीमच निघाली. लोकांना समजावलं गेलं: राष्ट्रीयत्व बॉस्नियाक लिहा, धर्म इस्लाम, भाषा बॉस्नियन. चुकून ‘बॉस्नियन’ किंवा जुन्या सवयीने ‘मुसलमान’ लिहिलंत तर मतं फुटतील. १९७१ मध्ये जो रकाना मिळवायला एवढा काळ गेला, तोच आता टाळायचा होता.

कोण कुठे राहतं

१ ते १५ ऑक्टोबर २०१३ या पंधरवड्यात मोजणी झाली. नोव्हेंबरमध्ये प्राथमिक आकडा आला: ३७ लाख ९१ हजार ६२२ माणसांची नोंद. तिथून पुढे अडीच वर्षं अंतिम आकडे निघाले नाहीत. भांडण कोण बॉस्नियाक आणि कोण सर्ब यावर नव्हतं. भांडण होतं ‘रहिवासी’ या शब्दावर.

आंतरराष्ट्रीय व्याख्या म्हणते, जो सलग किमान १२ महिने एका ठिकाणी राहिला, किंवा निदान वर्षभर राहायच्या इराद्याने तिथं आला, तो तिथला नेहमीचा रहिवासी. वाचायला निरुपद्रवी वाक्य. आता ते श्रेब्रेनित्साजवळच्या एखाद्या खेड्यात लावून बघा. एक बॉस्नियाक कुटुंब, युद्धात हाकललेलं, आता परतलंय. घर देणगीच्या पैशातून पुन्हा बांधलंय. पण गावात काम नाही, मुलगा तुझ्लाला नोकरी करतो, सून आणि नातवंडं तिथंच, कारण शाळा तिथं आहे. शनिवार-रविवारी ती येतात. ती कुठली? दुसरं घर घ्या. माणूस १९९२ पासून स्वीडनमध्ये आहे, घराला कुलूप आहे, उन्हाळ्यात महिनाभर येतो. मोजणीच्या वेळी नातेवाइकाने त्याचं नाव सांगितलं. तो कुठला?

दुसऱ्या माणसाबद्दल युरोपचं उत्तर स्पष्ट होतं: तो स्वीडनचा. स्वीडनने त्याला मोजलंय, दोनदा मोजता येणार नाही. पहिल्या प्रकारच्या घरांवर वाद पेटला. सुमारे दोन लाख माणसांचा हा प्रश्न होता. रिपब्लिका सर्पस्काच्या संस्थेचा आग्रह असा की माणसाने ‘मी इथं राहतो’ सांगितलं तेवढं पुरेसं नाही, नोकरी-शिक्षणाच्या उत्तरांशी ते ताडून बघा, जुळलं नाही तर वगळा. या कसोटीवर परतून आलेले बॉस्नियाक मोठ्या संख्येने गळाले असते. देशाची एजन्सी माणसाच्या उत्तराला जास्त वजन द्यायच्या बाजूची. तीन कार्यालयांत एकमत होईना. मोजणीवर देखरेख करणाऱ्या, युरोस्टॅटच्या नेतृत्वाखालच्या आंतरराष्ट्रीय पथकाने शिफारशी दिल्या, तरी सुटेना. निकाल छापायची कायद्यातली मुदत १ जुलै २०१६ होती. शेवटी मे २०१६ मध्ये एजन्सीचे संचालक वेलिमिर युकिच यांनी आपल्या अधिकारात पद्धत ठरवणाऱ्या निर्णयावर सही केली. रिपब्लिका सर्पस्काच्या नेत्यांनी ती बेकायदा ठरवून टाकली. युरोपच्या निरीक्षकांनी पद्धत आंतरराष्ट्रीय शिफारशींना धरून असल्याचं सांगितलं.

३० जून २०१६ ला, मुदत संपायच्या आदल्या दिवशी, आकडे जाहीर झाले. लोकसंख्या ३५ लाख ३१ हजार १५९. म्हणजे १९९१ पेक्षा ८ लाख ४५ हजारांनी कमी. प्राथमिक आकड्यापेक्षाही अडीच लाखांहून अधिक नावं गळालेली. बॉस्नियाक १७ लाख ६९ हजार ५९२, म्हणजे ५०.११ टक्के. सर्ब ३०.७८, क्रोएट १५.४३. लोकसंख्येच्या अर्ध्याहून जेमतेम ४ हजार माणसं जास्त. रहिवाशाची व्याख्या थोडी इकडे-तिकडे झाली असती तर बॉस्नियाक अर्ध्याखाली आले असते. सारायेवोतल्या काही वर्तमानपत्रांना हा विजय वाटला. बान्या लुकाला तोच आकडा कारस्थान वाटला. रिपब्लिका सर्पस्काने स्वतःचे आकडे वेगळे छापले: आपल्या भागात ११ लाख ७० हजार ३४२ माणसं. देशाच्या एजन्सीने त्याच भागात १२ लाख २८ हजार ४२३ मोजली होती. एकाच गणतीतून, एकाच फॉर्मांवरून, एका भूभागात ५८ हजार माणसं एका कार्यालयासाठी आहेत आणि दुसऱ्यासाठी नाहीत.

५०.११ च्या आनंदात एक आकडा मागे राहिला. श्रेब्रेनित्सा तालुका. १९९१ मध्ये ३६,६६६ माणसं, त्यातले २७,५७२ मुसलमान. २०१३ मध्ये सगळे मिळून १३,४०९, बॉस्नियाक ७,२४८. टक्केवारीने बॉस्नियाक तिथं अजूनही बहुसंख्य, ५४ टक्के. टक्केवारी किती निर्दय असू शकते ते इथं बघावं.

मला या व्याख्येबद्दल काय वाटतं? वर्षानुवर्षं माझं मत हेलकावे खातंय. माणूस रात्री कुठे झोपतो एवढंच ती विचारते, तिथं का झोपतो ते विचारत नाही. नोकरीसाठी स्वीडनला गेलेला आणि बंदूक रोखून हाकललेला, तिच्यासाठी दोघं सारखेच अनिवासी. बॉस्नियाक नेते परदेशातल्या लोकांनाही मोजा म्हणत होते त्यामागची वेदना मी समजू शकतो. पण त्यांचं ऐकलं असतं तर शाळा, दवाखाने, नळ कुणासाठी बांधायचे याचा हिशोबच लागला नसता, आणि सर्ब-क्रोएटांनीही आपापले परदेशातले लोक आणून भरले असते. हाकललेल्यांचा हिशोब जनगणनेने मागायचा नसतो, न्यायालयाने आणि वापसीच्या हक्काने मागायचा असतो. युरोपने माप दिलं ते बरोबर दिलं. चूक ही की माप हाती देऊन तो बाजूला झाला, आणि सातव्या परिशिष्टाची वापसी अर्ध्यावर राहिली तिकडे बघायला कुणी फिरकलं नाही.

आणि एक रकाना ज्याच्यासाठी कुणीच मोहीम काढली नाही: ‘इतर’. २.७३ टक्के, ९६ हजारांवर माणसं. रोमा, यहुदी, मिश्र घरातली मुलं, स्वतःला फक्त बॉस्निया-हर्जेगोविनाचे नागरिक म्हणवणारे. देशाच्या संविधानानुसार राष्ट्राध्यक्षमंडळात एक बॉस्नियाक, एक सर्ब, एक क्रोएट बसतो. इतरांना उभंच राहता येत नाही. रोमा समाजातले देर्वो सेइदिच आणि यहुदी याकोब फिंत्सी यांनी युरोपच्या मानवाधिकार न्यायालयात दाद मागितली आणि २२ डिसेंबर २००९ ला जिंकले. ती तरतूद त्यानंतरही बदलली नाही. या बाबतीत बॉस्नियाक नेतृत्वाचंही वागणं मला अभिमान वाटावा असं नाही. स्वतः शंभर वर्षं रकान्यासाठी झगडलेल्यांनी दुसऱ्याला ‘इतर’ मध्ये ढकलून निवांत बसू नये.

व्याख्येच्या एका वाक्याने काय होऊ शकतं ते आपणही पाहिलंय. सप्टेंबर २००४ मध्ये आपल्या जनगणना कार्यालयाने धर्मवार आकडे दिले. १९९१ ते २००१ मध्ये मुसलमानांची वाढ ३६ टक्के, अशी बातमी देशभर झाली. पण १९९१ मध्ये जम्मू-काश्मिरात जनगणनाच झाली नव्हती. म्हणजे एका बाजूला तिथले मुसलमान धरले नाहीत आणि दुसऱ्या बाजूला धरले, अशी ती वजाबाकी होती. फरक काढल्यावर आकडा २९.३ टक्के झाला, आणि त्याआधीच्या दशकापेक्षा वेग मंदावलाय हेही दिसलं. दुरुस्ती काही दिवसांतच आली. महिनाभराने महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान होतं. त्या प्रचारात मी ३६ हा आकडा किती सभांत ऐकला याची गणती नाही. २९.३ एकदाही ऐकला नाही.

बॉस्नियाने १५ फेब्रुवारी २०१६ ला, म्हणजे जनगणनेचे आकडे निघायच्या आधी, सदस्यत्वाचा अर्ज दिला. डिसेंबर २०२२ मध्ये त्याला उमेदवार देशाचा दर्जा मिळाला. मार्च २०२४ मध्ये वाटाघाटी सुरू करायचं युरोपीय नेत्यांनी मान्य केलं. अठरावं प्रकरण तसंच पडून आहे, कार्यालयं अजूनही तीनच. २०२१ च्या फेरीत युरोपभर जनगणना झाली. उत्तर मॅसिडोनियानेही, २०११ ची मोजणी अर्ध्यावर मोडल्यावर, ती त्या वर्षी पुरी केली. बॉस्नियात झाली नाही. आपल्याकडेही २०२१ ची राहिली आणि आता २०२७ ची वाट बघतोय, ती वेगळी गोष्ट.

चाचा १९९२ मध्ये पुन्हा कुवेतला गेले. २००१ च्या मोजणीत ते नव्हते. २०११ पर्यंत कायमचे परतले होते. त्या वर्षी प्रगणक म्हणून एक तरुण बाई आल्या होत्या. अब्बा तेव्हा हयात नव्हते. बाईंनी मातृभाषा विचारली, चाचांनी ‘मराठी’ सांगितलं. बाईंनी मान खाली घालून लिहिलं. चाचांनी चष्मा लावला आणि म्हणाले, “बाई, जरा फॉर्म इकडे वळवता का?” त्यांनी वळवला.